एनोकाची चौथी तार

क्लॅरन्स नाहालेला लहानपणापासून एकच खोड. वस्तू दिसली की ती उघडून बघायची. टोस्टर चालतोय ना? मग चालू दे की बाबा! पण नाही. हा पेचकस घेऊन बसणार, आत कुठली तार कुठे जाते ते बघणार, आणि मग दोन दिवस घरात सगळ्यांनी पाव तसाच खायचा. निवृत्त होईपर्यंत तो हिलो या बेटावरच्या बंदराच्या गावात शाळेची बस चालवायचा. तेव्हाही वाटेत कुणाच्या अंगणात बोटीचं इंजिन उघडं पडलेलं दिसलं की बसचा वेग आपोआप कमी व्हायचा आणि मागून पोरं ओरडायची, "अंकल, घंटा झाली असेल!" त्याची बायको हात्सुए म्हणायची, "ह्याला स्वर्गात घेतलं ना, तर हा आधी दाराची बिजागरी काढून बघेल."

दुसरी खोड म्हणजे काही टाकायचं नाही. मोडके स्क्रू, पंख्याची पाती, कुणाच्या तरी कवळीचे दात, सगळं बरण्यांत भरून ठेवलेलं. गाडीच्या शेडमध्ये गाडी सोडून बाकी सगळं होतं.

पण एवढ्या चौकस माणसाने जन्मात एका गोष्टीकडे मुद्दाम पाठ फिरवली होती. एनोका काहीकिनाच्या गिटारीच्या तारा.

एनोका दिवसभर गोदीवर साखरेची पोती उचलायचा आणि शनिवारी कुणाच्या लग्नात, कुणाच्या वाढदिवसाला मांडीवर गिटार आडवी ठेवून वाजवायचा. डाव्या हातात पोलादी कांडी. ती तारांवरून सरकली की सूर असा लांबत लांबत जायचा की जेवणाऱ्यांची बोटं पोईच्या, म्हणजे अळकुड्यांच्या लगद्याच्या, वाडग्यातच थांबायची. क्लॅरन्स तेव्हा ऐन विशीत. तो शेजारी बसून उकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, वाजवायचा.

आणि त्या वेळची रीत अशी, की वादक तारा जुळवायला लागला की शेजारच्याने मान वळवायची. ज्याची त्याची जुळणी ज्याच्या त्याच्या घरची. तिकडे टक लावून बघणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलणं. वाजवून झालं, पाणी प्यायला उठायचं झालं, की वादक खुंट्या पिळून सगळ्या तारा उतरवून ठेवायचा. मागाहून कुणी आगाऊपणाने हात लावला तरी नुसता खडखडाट! एनोका तर या बाबतीत फारच कडक. स्वतःच्या मुलालासुद्धा त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

सहांपैकी पाच तारा, कान शाबूत असलेला कुणीही ओळखायचा. घोडं अडायचं चौथीपाशी. एनोकाने बायकोसाठी एक गाणं रचलं होतं, सगळे त्याला एमेलिनचं गाणं म्हणत. त्यात मधेच, जिथे जाड आवाज यायला हवा तिथे, वरून काहीतरी टिणकन चमकून जायचं. काय ते? कुठून येतं? क्लॅरन्सच्या डोक्यात हा किडा तेव्हापासून वळवळत होता. मान वळवून तो एनोकाच्या अंगणातल्या उलूच्या, म्हणजे नीरफणसाच्या, झाडाकडे बघत बसायचा आणि मनात म्हणायचा, सांगेल, एक दिवस आपणहून सांगेल. एनोकाने काही सांगितलं नाही. पुढे बसची नोकरी लागली, पहाटे उठणं आलं, हात्सुएची आई अंथरुणाला खिळली, आणि क्लॅरन्सचं शनिवारचं जाणं हळूहळू बंद पडलं. एनोका गेला तेव्हा क्लॅरन्स रडला, पण मनात एक सल राहूनच गेला. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, आणि ह्या माणसाने मलाही परकंच धरलं.

त्या गिटारीचं नावही नंतर कुणी काढलं नाही. मग एकदा क्लॅरन्स एमेलिन आंटीच्या घरी, केआउकाहाला, खिडकीच्या अडकलेल्या काचपट्ट्या बसवायला गेला. आंटी नव्वदीला आलेली. जीभ मात्र तशीच तिखट.

"काचा राहू देत," ती म्हणाली. "पलंगाखाली वाक. कंबर वाकते ना अजून तुझी?"

पलंगाखालून गोधडीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी निघालं. क्लॅरन्सने गोधडी सोडली. तीच! कोआच्या लाकडाची, मधासारख्या रंगाची, पोकळ मानेची गिटार. पण काय ती अवस्था! पोटाला वीतभर चीर, पाठ एका बाजूने सुटलेली, घोडी उखडून वर आलेली. तार तर एकही नाही, गंजून तुटल्यावर सुनेने कधीच काढून फेकल्या होत्या.

"आंटी, तुम्ही ही अजून ठेवलीत?"

"मग काय कोंबड्यांना घालू? ऐक. माझा डावा कान गेला. उजवाही चाललाय, डॉक्टर म्हणतो नाताळपर्यंत टिकला तरी खूप. तो जायच्या आत मला माझं गाणं ऐकायचंय. पणतूचा पहिला वाढदिवस आहे, सगळं गोत जमणार आहे. तू ही नीट कर आणि वाजव. जमलं तर गिटार तुझी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर एनोकाच्या शेजारी पुरेन. मला गिटार नकोय रे, मला तो आवाज हवाय."

क्लॅरन्सने मान डोलावली आणि गिटार पुन्हा गोधडीत गुंडाळून घरी आणली. चौथ्या तारेचं कोडं ज्याला उभ्या जन्मात सुटलं नाही, त्याने शब्द दिला होता.

पण हातात पेचकस आला की हा गडी सगळं विसरतो. दातांच्या डॉक्टरचा जुना आरसा आणि छोटा दिवा घेऊन तो गिटारीच्या पोटात डोकावला. आत काय असेल? पालीची अंडी! केव्हाची वाळून टणक झालेली, एका कोपऱ्यात नीट चिकटवलेली. त्याला कोण आनंद झाला. हात्सुएला हाका मारमारून बोलावलं.

"बघ, बघ! एवढी वर्षं हिच्यात बिऱ्हाड होतं!"

"आपल्या घरातल्या पाली बघून पोट भरत नाही वाटतं तुझं," म्हणत ती आत गेली. दोन मिनिटांनी परत आली आणि आरसा मागून घेऊन तिनेही बघितलं.

सुटलेली पाठ त्याने पातळ सुरी गरम करून हळूहळू पूर्ण उघडली. आत लाकडाचे आधार होते, त्यांतले दोन सुटले होते आणि एकाला वाळवीने चाखून पाहिलं होतं. त्याने कोआचाच तुकडा मिळवून नवा आधार कोरला. चिरेला आतून लाकडाच्या नखाएवढ्या चकत्या लावल्या, त्याही आडव्या रेषांच्या, म्हणजे चीर पुढे सरकणार नाही. त्यासाठी सरस हवा, गरम आणि ताजा. बाटलीतला गोंद लावला तर पुढच्या दुरुस्तीला लाकूड सुटत नाही. सरस शिजवायला भांडं शोधताना त्याची नजर भाताच्या कुकरवर गेली.

"क्लॅरन्स!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "माझ्या कुकरमध्ये हाडं-कातडी उकळतोयस?"

"अगं, आतल्या डब्यात आहे. कुकरमध्ये नुसतं पाणी."

"तू आणि तुझं पाणी दोघं शेडमध्ये जा!"

कुकर शेडमध्येच राहिला. घरात नवा आला. पाठ चिकटवून त्याने चहूबाजूंनी कपड्यांचे चिमटे लावले, तेव्हा गिटार साळिंदरासारखी दिसायला लागली. मग घोडी बसवली, खुंट्या रॉकेलमध्ये धुतल्या, जुनं पॉलिश न खरवडता नुसतं पुसून उजळलं. कोआचं लाकूड आतून पेटल्यासारखं झळाळलं.

राहिली मानेजवळची हाडाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. ती पिवळी पडली होती आणि खाचाही वेड्यावाकड्या. तिसरीनंतर खाचा रुंद होत जायला हव्यात, तर चौथी मधेच पहिलीएवढी बारीक. "कुणी अडाण्याने कापलीय," क्लॅरन्स पुटपुटला. त्याने बैलाच्या हाडाची नवी पट्टी घासून केली, बारीक ते रुंद अशा सहा सुबक खाचा पाडल्या आणि जुनी बरणीत टाकली. नव्या कामाकडे बघून स्वतःवर भलताच खूश झाला.

तारा चढवून, त्याला ठाऊक असलेल्या जुन्या जुळणीत लावून, गिटार घेऊन तो आंटीकडे गेला. ती उजवा कान पुढे करून बसली. क्लॅरन्स गेले कित्येक आठवडे कांडीचा सराव करत होता, हात बरा बसला होता. गाणं संपलं.

"छान वाजते," ती म्हणाली. "चर्चमध्ये वाजवायला हरकत नाही. पण हा एनोका नव्हे." आणि तिने तोंड फिरवलं, कारण तिचे डोळे भरून आले होते.

क्लॅरन्सचा चेहरा पडला. घरी येऊन तो न जेवता शेडमध्ये जाऊन बसला. हात्सुए भाताची वाटी घेऊन आली.

"तू त्या गिटारीतलं काय काय बदललंस?" तिने विचारलं.

"काही नाही. एक आधार. आणि ती हाडाची पट्टी. वाकडी होती."

"वाकडी होती, की तुला वाकडी वाटली?"

क्लॅरन्सने भाताची वाटी बाजूला ठेवली. मग उठला आणि बरणी पालथी केली. स्क्रू, चाव्या, दात, आणि ती पिवळी पट्टी. भिंगाखाली धरली. चौथी खाच बारीक होती, पण अडाण्याच्या हातची मुळीच नव्हती. तळ असा गुळगुळीत, की बारीक तारेनेच वर्षानुवर्षं घासून केलेला. जाड तारांच्या रांगेत मुद्दाम एक बारीक तार! बारीक म्हणजे उंच सूर. तोच तो टिणकन चमकणारा! टोस्टरपासून बोटीच्या इंजिनापर्यंत प्रत्येक वस्तूला "असं का?" विचारणाऱ्या माणसाने, जिथे विचारायचं तिथेच न विचारता दुरुस्ती करून टाकली होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

जुनी पट्टी परत बसली, चौथीला बारीक तार चढली. पण ती लावायची कुठल्या सुरात? खाच जाडी सांगते, सूर सांगत नाही. वर नेली तर बोचायची, खाली आणली तर मरगळायची. वाढदिवस उजाडला तरी त्याच्या जिवाला खात्री नव्हती.

आंटीच्या अंगणात ताडपत्र्या लागल्या होत्या, जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर निघालं होतं, आणि ज्याचा वाढदिवस तो पणतू कुणाच्या तरी खांद्यावर झोपून गेला होता. आंटी पुढच्या खुर्चीत बसली होती. क्लॅरन्सने गिटार मांडीवर घेतली तसा तिने त्याच्या आजूबाजूला शोध घेतला.

"तुझी उकुलेले कुठंय?"

"गाडीत आहे, आंटी. आज तिचं काय काम?"

"काय काम? एनोका तिच्यावरच तर तारा लावायचा. 'क्लॅरन्स, तुझी वरची दे.' दर वेळेला मागायचा. मी आत कणसं सोलताना ऐकायचे."

क्लॅरन्सच्या हातातली कांडी तशीच राहिली. हो, मागायचा. 'क्लॅरन्स, तुझी वरची दे.' त्याला वाटायचं, एनोका आपली उकुलेले सुरात आहे का ते तपासतोय. उकुलेलेची छातीकडची तार, जाडीच्या जागी असून सूर मात्र उंच! ती छेडून क्लॅरन्स शहाण्यासारखी मान वळवून झाडाकडे बघायचा, आणि एनोका त्याच सुरावर आपली चौथी लावायचा.

"मला वाटायचं, त्यांनी माझ्यापासून लपवलं," तो म्हणाला.

"लपवलं? अरे वेड्या, तू तर ती द्यायचास! तू यायचा थांबलास, मग त्याने दुसऱ्या दोघांच्या उकुलेलेवर लावून बघितलं. म्हणाला, त्यांच्याने येत नाही. मग हे गाणं वाजवायचंच सोडलं. मी किती वेळा म्हटलं, जाऊन सांग त्या पोराला. म्हणाला, त्याला संसार आहे, त्याला अडकवू नकोस."

क्लॅरन्सला पुढचं काही दिसेना. हात्सुए उठली, गाडीतून उकुलेले घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने वरची तार छेडली, आणि तिला कुणी शिकवलेलं नसताना मान वळवून उलूच्या झाडाकडे बघायला लागली. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. क्लॅरन्सने खुंटी हळूहळू पिळली. सूर सुराला जाऊन मिळाला.

मग त्याने वाजवलं. एके ठिकाणी कांडी घसरली, एके ठिकाणी तो घाईत पुढे गेला. पण ती तार आली तेव्हा अंगणातली बडबड थांबली. आंटीने उजव्या कानामागे हात धरला होता आणि ती हसत होती, रडतही होती, आणि ओठांनी गाण्याचे शब्द म्हणत होती.

गाणं संपल्यावर क्लॅरन्सचा हात जुन्या सवयीने खुंट्यांकडे गेला, तारा उतरवायला. आंटीने पुढे वाकून त्याचं मनगट पकडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता लावलेलीच राहू दे."