न वाजवायची मात्रा

बोर्डे गेला, हे मला करमाडला एका स्लॅबवर उभा असताना फोनवर कळलं. वाईट वाटण्याच्या आधी मनात आलं, अरे, याला विचारायचं राहूनच गेलं... आर्किटेक्चरच्या कॉलेजात मी बीम-कॉलम शिकवायचो आणि तो डिझाइन. आमच्या वर्गांमधली भिंत पातळ. पलीकडून तबला ऐकू यायचा, मग पोरांच्या टाळ्या. नकाशे काढायच्या तासाला हे काय गौडबंगाल, म्हणून एकदा मी त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसलोच.

तो त्रिताल शिकवत होता. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, पण नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला फिरवायचा. ही 'खाली', म्हणजे रिकामी मात्रा, मोजायची पण टाळी वाजवायची नाही, असं सांगून तो थेट गंगापूरच्या एका मुलीच्या नकाशापाशी गेला. तिनं घराचा इंच न् इंच भरला होता. यात 'खाली' कुठंय, असं त्यानं विचारलं. मुलगी बिचकत म्हणाली, "सर, मालक म्हणंल जागा वाया घालवली." गावाकडं पाहुणा आला की आधी कुठं थांबतो, असं त्यानं विचारल्यावर ती विचारात पडली. "दारातून आत आलं की... पण तिथं काईच नसतंय, सर." बोर्डे खूश होऊन म्हणाला, "तेच काढ."

मला काही ते पटलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या बैठकीतही खिडकीशेजारची भिंत आणि तिच्यापुढची जागा मोकळी. शालिनीवहिनींनी तिथं शिलाई मशीन ठेवून पाहिलं, यानं उचललं. ती जागा भाड्यानं दे, म्हणून मी त्याला छळायचो. आणि या सगळ्याचा गाण्याशी खरंच संबंध आहे की पोरांना जागं ठेवायची ही युक्ती, हे कुतूहल मला कायम होतं.

परवा त्याच्या घरी गेलो, तर मुलगा अमोल बापाचा फोटो लावायला त्याच भिंतीपाशी ड्रिल घेऊन उभा. थांब म्हणावंसं वाटलं. पण घर त्यांचं, मी काय बोलणार? तेवढ्यात वहिनी आतून आल्या.

"तिथं नको रे. तिथं लावला तर तेच रागावतील."

फोटो पुस्तकांच्या कपाटावर गेला. चहा घेताना माझी नजर बैठकीभर फिरत होती. दार, त्याची खुर्ची, कपाट... आणि त्या मोकळ्या जागेशी आली तसा गुडघ्यावरचा माझा हात आपोआप बाजूला फिरला.

वहिनींनी ते पाहिलं. "कळलं का, भाऊजी?"

कळलं. आणि ज्याला सांगायचं, तोच नाही.