आठ पायांचा कुत्रा

डाग दिसला की उत्तरा करमरकरचे हात शिवशिवायचे. पुण्यात तिने अकरा वर्षं लग्नाचे फोटो साफ केले होते. नवरदेवाच्या नाकावरची पुटकुळी, मागे जांभई देणारे मामा, सगळं ती असं गायब करायची की खुद्द मामांनाही पत्ता लागू नये. मग क्षितिजची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बँकेने टोकियोला बदली केली. तिथल्या हिगाशी-कसाई भागातल्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं कचऱ्याची वर्गवारी करून ती विटली, तेव्हा कुठे शेजारच्या कावासाकी शहरातल्या एका छोट्या स्टुडिओत पार्ट-टाइम काम मिळालं. जुनी फिल्म स्कॅन झाली की एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, कॉम्प्युटरवर उघडायची आणि ओरखडे, बुरशी, धूळ पुसायची. तीन महिने पाहू, मग कायम करू, असं ठरलं होतं. तिला ही नोकरी मनापासून हवी होती.

पूर्णपणे तिच्यावर सोपवलेली पहिली फिल्म म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीचं सात मिनिटांचं अमेरिकन कार्टून. एक कुत्रा, एक कोंबडा आणि दोघांनी मिळून एका घराची लावलेली वाट. मध्येच एका चौकटीत कुत्र्याला आठ पाय आणि तीन थोबाडं निघाली, शेपटीचा तर नुसता फराटा. रंग फिसकटलाय बिचाऱ्याचा, असं म्हणत उत्तराने शेजारच्या चौकटीतला धडधाकट कुत्रा उचलून तिथे बसवला. अशा एकेचाळीस चौकटी निघाल्या. सगळ्या नीट करून तिने तपासणीच्या कागदावर शिक्काही मारला.

मग फिल्म सलग लावली. चित्र लखलखीत होतं, पण कुत्रा काही धावेना. इथला तिथे ठेवल्यासारखा दिसत होता. तिने मूळ स्कॅन लावला. ओरखड्यांच्या जंजाळातून कुत्रा असा सुसाट सुटला की उत्तरा एकटीच खो खो हसली, आणि दुसऱ्या क्षणी तिच्या अंगावर काटा आला. ते आठ पाय कोणीतरी जाणूनबुजून काढले होते, डोळ्याला वेग भासावा म्हणून! सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरते. त्या खोट्या पायांवरच कुत्रा धावत होता.

फिल्म त्याच संध्याकाळी पाचला गिऱ्हाइकाकडे जायची होती. गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण ती उठली आणि साहेबांसमोर वाकून उभी राहिली.

"ओगावा-सान, मी एकेचाळीस चित्रं पुसली. मला ती घाण वाटली. परत बसवून त्यांवरचे ओरखडे काढायला दोन दिवस लागतील."

साठी उलटलेल्या ओगावा-सानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या वर्षी मी एका फिल्ममधली शंभरावर पुसली होती," ते म्हणाले. "कोणाला सांगितलं नाही. पुढे तिचं मूळ रीळ बुरशीने खाल्लं. आता माझीच प्रत उरली आहे. मुलं ती बघतात, पण हसत नाहीत."

त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला, फोनवरच दोनदा वाकून माफी मागितली आणि रिसीव्हर ठेवला.

"दोन दिवस मिळाले. ते झालं की तुमचे कायमचे कागद करू."

उत्तराने वाकून आभार मानले. जागेवर येऊन तिने पुसलेली पहिली चौकट उघडली आणि चित्र मोठं केलं. जो कोणाच्याही नजरेस कधीच पडणार नव्हता, त्या आठव्या पायालाही चितारणाऱ्याने तीन नखं काढली होती, प्रत्येकावर पांढरा ठिपका देऊन.