आजोळची पिवळी साडी

साल दोन हजार तेवीस, माझं वय एकाहत्तर. त्या वर्षी माझ्या एकुलत्या एका लेकीच्या पोरीचं लग्न ठरलं आणि पिवळी साडी आणायचं काम माझ्याकडं आलं.

आमच्यात नवरीची पिवळी साडी मामाकडून येते. अक्षता पडतात त्या वेळी अंगावर तीच असते. मला मुलगा नाही, म्हणजे पोरीला सख्खा मामा नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा म्हणाला, "काका, मी आणतो की. मामाच लागतो मी तिचा." मी म्हणलं, "मी मेल्यावर आण." त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

शिवाय कापडातलं मला कुणी शिकवावं असं नव्हतंच. शाळा चौथीपर्यंत झाली, पण पुढचा सगळा जन्म पाचोडच्या बाजारात ताडपत्रीखाली साड्या विकण्यात गेला. बाई दुकानाकडं वळायच्या आधीच मी तिच्यासाठी साडी उपसून ठेवायचो. माझं धोरण एकच, रंग लांबून उठून दिसला पाहिजे. बाई बांधावर उभी राहिली तर गावातून कळलं पाहिजे की ही अमक्याची सून.

त्याच हिशेबानं मी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून साडी घेतली. पिकल्या लिंबासारखी पिवळी, रेशमी, जरीचा काठ. आधी पाचोडला नेली, देवापुढं ठेवली, पदराला हळदीकुंकू लावलं आणि मगच बजाजनगरला लेकीच्या घरी घेऊन गेलो. ही घाई मी मुद्दाम केली होती. हळदीकुंकू लागलेलं कापड आमच्यात दुकानात परत जात नाही. बायकांना मोकळी साडी दाखवली की हा काठ नको, तो पदर बघू, असं सुरू होतं. म्हणलं, त्यांच्या बोलण्याला जागाच ठेवायची नाही.

आता पोरीच्या रंगाविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोर त्याचाच होता. आमची पोर गोरी नाही, सावळीही नाही. गव्हाळ म्हणावं तर तेही बसत नाही. हुरड्याला आलेल्या ज्वारीच्या दाण्यावर हिरवट झाक असते ना, तशी झाक तिच्या अंगावर आहे. एरवी ती गोड दिसते. पण साखरपुड्याला नवरदेवाच्या आत्यानं पाठवलेली पिस्त्याच्या रंगाची साडी ती नेसली आणि पार्लरवालीनं तोंडावर गुलाबी पांढरं काहीतरी थापलं. फोटो आले तेव्हा मीच दचकलो. तोंड राखाडी, ओठ फिकट, मान भलत्याच रंगाची.

ते फोटो सिल्लोडला नवरदेवाच्या घरी पोचले. मग व्याह्यांचा फोन आला. जावयानं फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"राग मानू नका," व्याही म्हणाले, "पण आमच्या बहिणीचं म्हणणं पडलं, पोरीला कावीळ-बिवीळ झाली होती का? फोटोत चेहरा लई उतरलेला दिसतोय."

पोर स्वयंपाकघरातून म्हणाली, "रक्त तपासून पाठवते म्हणावं. अन् नवरदेवाचंबी तपासून पाठवा."

लेकीनं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. "साडी त्यांचीच, पिस्ता रंग त्यांचाच," पोर हाताआडून बोलतच होती, "अन् कावीळ मला!"

रक्त तपासलं. काही निघालं नाही. व्याही म्हणाले, आमच्या मनात काही नव्हतंच. पण आत्याबाईंचा निरोप दुसऱ्याकडून कानावर आला. त्या म्हणाल्या होत्या, कागदाचं काय घेऊन बसलात, मी लग्नात समोरासमोर बघते.

हे एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. नवरीच्या खोलीत ही बाई शिरणार, चार बायकांसमोर काहीतरी बोलणार आणि ते मांडवभर होणार. आमची पोर आजारी म्हणून कपाळी शिक्का घेऊन सासरी जाणार. एकदा बसलेला असा शिक्का पुसत नाही. पुढं साधा ताप आला तरी म्हणतील, आम्हाला आधीच दिसलं होतं.

असल्या घोरात असताना मी साडी लेकीपुढं ठेवली. पोरीनं साडी उचलली, दारात जाऊन उजेडाकडं तोंड करून उभी राहिली आणि पदर खांद्यावर टाकला.

"बघा आबा."

मी बघितलं. डोळे आत गेलेले, ओठांभोवती काळपट, गालावर हळकुंड उगाळल्यासारखी कळा. नुसता पदर टाकला आणि पोर आजारी पडली.

"चांगली दिसती की," मी म्हणलं.

"पुन्हा बघा."

"रंग उठून दिसतोय."

"साडीच दिसतीय आबा. मी कुठंय?"

लेक म्हणाली, "दादा, ही तर दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यासारखी दिसतीय."

"मग ती पार्लरवाली कशाला सांगितलीय? करील ती गोरी."

"तिनंच तर माती केली मागच्या टायमाला," पोर म्हणाली आणि माझ्यापुढं बसली. तिनं मला जे सांगितलं ते मी आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. म्हणाली, तिच्या कातडीत हिरवट झाक आहे, म्हणून गुलाबी फाउंडेशन तिच्यावर राख फासल्यासारखं दिसतं. तिला सोनेरी पिवळसर लागतं, तेही तिच्याच रंगाचं, उजळ नाही. ओठाला विटकरी नाहीतर मरून, फिकट गुलाबी नको. कपड्यात मरून, गडद हिरवा, मोरपंखी. पिवळ्यात मोहरीचा चालतो, लिंबाचा नाही.

"हे तुला कोण सांगतं?"

"आरसा सांगतो. हे बघा," तिनं मनगट उलटं केलं. "नसा हिरव्या दिसतात का नाही?"

दिसत होत्या. मला वाटलं, खरंच दुखणं आहे, हिनं लपवून ठेवलंय. मी तिचा हात धरला तर तिनं माझंच मनगट वळवून उजेडात धरलं. पिकल्या केसांचा माझा हात, कातडी सैल, आणि तिच्याखाली तशाच हिरव्या नसा.

"हा रंग तुमच्याकडून आलाय आबा. आईनं आजीचा घेतला, मी तुमचा."

मी हात सोडवून घेतला. एकाहत्तर वर्षं या रंगात काढली, मला कुणी कावीळवाला म्हणलं नाही. पुरुषाच्या रंगाकडं बघतंय कोण? पण तेव्हापासून आत्याबाईंचं ते बोलणं मला माझ्यावरच उगारल्यासारखं वाटायला लागलं.

आता करायचं काय? साडी परत जात नाही, ते माझ्याच हातानं पक्कं केलेलं. दुसरी घ्यावी तर अक्षतांना देवापुढची साडी सोडून दुकानातली नेसवली असं होणार. जेवण जाईना. लेक म्हणाली, "दादा, जाऊ द्या आता, नशिबात असंल तसं." या 'जाऊ द्या'चाच मला राग येतो. सकाळी मी म्हणलं, "रंगवून आणू."

"हळदीकुंकू लागलेली साडी रंगात बुडवायची?"

"परत करायची नाही, एवढंच आहे. बुडवायची नाही असं कोण म्हणलंय?"

लेकीनं साडी घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली.

पोरीला घेऊन मी रंगारगल्लीत गेलो. आता तिथं रंगारी शोधावा लागतो. विचारत विचारत एका बोळात गेलो, तिथं एकजण ओढण्या रंगवून दुकानांना देत होता. कोपरापर्यंत हात निळे. साडी चिमटीत धरून म्हणाला, "चाचा, ये असली रेशम है क्या? मिलावट रहा तो रंग नई पकडता. धब्बे आ जाते."

"असली आहे. माझा जन्म कापडात गेलाय."

"मेरा रंग में गया," तो म्हणाला. "एक धागा जलाव."

पदराच्या कडेचा धागा मी ओढला. दुकानात मी रेशीम म्हणूनच घेतली होती, पण त्या क्षणी माझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. पॉलिस्टर निघालं तर धागा वितळून गोळी होणार, आणि लग्न तर तोंडावर आलेलं. त्यानं काडी ओढली. धागा चुरचुरला, राख झाली, केस जळाल्यासारखा वास आला. रेशीमच होतं. पोर गालात हसली.

ती घरून स्वतःची जुनी मोहरी रंगाची ओढणी घेऊन आली होती. "भैया, हा रंग, पण थोडा तांब्याकडं झुकलेला," ती म्हणाली. मी मध्ये बोलायला गेलो, तर रंगारी म्हणाला, "चाचा, साडी कौन पेननेवाला? तुम क्या?"

आधी त्यानं ब्लाउजपीसचा तुकडा बुडवला. पहिला तुकडा भगवा झाला. पोरीनं मान हलवली. दुसरा वाळेपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. तो तुकडा पोरीनं बोळाच्या तोंडाशी उन्हात जाऊन गळ्याला लावला आणि माझ्याकडं बघितलं. तोंडावर जरा तजेला आल्यासारखा वाटला, पण वीतभर कापडावरून नऊवार पातळाचा अंदाज कुणी घ्यावा? सहावार असली म्हणून काय झालं, काळजी नऊवाराचीच.

"एक बात समझ लेव," रंगारी म्हणाला, "हलके का गहरा होता, गहरे का हलका नई होता. एक बार डूबा तो डूबा. जरी का काठ मैं बांध के रखूंगा, बाकी अल्ला मालिक."

पोर म्हणाली, "बुडवा."

हळदीच्या दिवशी साडी मिळणार होती. घरी पोरीला हळद लागत होती, बायका गात होत्या आणि मी संध्याकाळी रंगारगल्लीत उभा होतो. त्यानं ट्यूबलाइटखाली घडी उलगडली. साडी तपकिरी दिसत होती. गढूळ पाण्यातून काढल्यासारखी.

"हे काय केलं बाबा?"

"लाइट में मत देखो चाचा. लाइट झूठी रहती. सुबह धूप में देखना."

"सकाळी लग्न आहे माझ्या नातीचं!"

"तो दुल्हन धूप में दिखेगी ना?"

रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसलो. रेल्वे स्टेशन गेलं, वाळूजच्या अलीकडं पंढरपूर नावाची वस्ती आहे, तिचा नाका गेला, वाळूजच्या कंपन्यांची सुट्टी झालेली गर्दी गेली, मला काही सुधरत नव्हतं. दर दिव्याखाली पिशवीत डोकावून बघायचो, दर दिव्याखाली रंग वेगळा. बिघडली ती देवापुढची साडी, बिघडवणारा मी. चुलतभावाच्या पोराला आणू दिली असती तर निदान बोल त्याच्यावर गेला असता, असंही मनात आलं, आणि असं मनात आलं याचीच लाज वाटली.

घरी लेकीनं पिशवीला हात घातला. "दाखवा की दादा."

"नाय. उद्या उजेडात."

"झाली का बरी?"

"उद्या म्हणलं ना."

पोर हळदीनं माखलेली, कोपऱ्यात बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

सकाळी कार्यालयात नवरीच्या खोलीत आधी मीच पोचलो. खोलीला खिडकी नव्हती, वर दोन ट्यूबलाइट. पार्लरवाली पेटी उघडून बसली होती आणि पेटीत तीच गुलाबी बाटली. मी पोरीला म्हणलं, "साडी नेस अन् गच्चीवर ये." लेक म्हणाली, "दादा, वऱ्हाड यायची वेळ झाली." मी जिना चढायला लागलो.

पोर वर आली. ऊन कोवळं होतं, तिरपं पडत होतं. साडीचा रंग मोहरीच्या फुलाचा नव्हता, पिवळ्या मोहरीच्या दाण्याचा होता, आत तांब्याची एक रेघ. आणि त्यातून पोरीचं तोंड वर आलेलं. गाल भरलेले, डोळे मोठे, कातडीवर तुकतुकी. कुणी दिवा लावल्यासारखं नाही, साधं, निरोगी, तिचंच तोंड.

"आबा, कशी आहे?"

"तू सांग," मी म्हणलं. एवढं तरी मला तोवर कळलं होतं.

ती खाली पळाली आणि स्वतःची पिशवी घेऊन परत आली. म्हणाली, तोंड मी माझं मीच करते, इथंच. खोलीतला आरसा मी काढून आणला. भिंतीला टेकवला तर ऊन डोळ्यात जायचं, म्हणून छातीशी धरून उभा राहिलो. तिनं हनुवटीवर दोन बाटल्यांतलं थेंब थेंब लावून बघितलं, मानेशी जुळेना ते पुसलं, जुळलं ते बोटानं पसरलं. डोळ्याखालच्या काळपटावर नारिंगीसर काही लावलं, मी घाबरलो, पण वरून हात फिरला तसा काळपटपणा गेला. ओठाला विटकरी.

"जरा तिरपा धरा आबा."

धरला. हात भरून आले होते.

तेवढ्यात खाली ताशा वाजला. जिन्यात बांगड्या आणि बायकांचे आवाज. सगळ्यांत पुढचा आवाज आत्याबाईंचा, "कुठंय नवरी? ओटी भरायचीय. खोलीत नाय, मग गच्चीवर काय करती?"

पोरीचा एक डोळा रंगवायचा राहिला होता. तिचा हात थांबला. मी आरसा हलू दिला नाही, नुसती मान जिन्याकडं वळवली आणि आत्याबाईंना सांगितलं, "तिथंच थांबा बाई. पोरगी तयार होतीय. झाली की उन्हातच दाखवतो, नीट बघा."