पुढच्या गुरुवारची झोप

"गुरुजी, ते पान जरा परत दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी वही मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोरून झटकन काढून घेतली. पण मी वाचलं होतं. गुरुवार. पलंगावर रात्री अकरा. झोप सहा तास दहा मिनिटं. उठल्यावर ताजेतवाने. आणि त्या दिवशी होता मंगळवार. म्हणजे दोन दिवसांनी येणारी रात्र गुरुजी आधीच झोपून मोकळे झाले होते.

मी धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात काम करते. गोळ्या आमचे डॉक्टर लिहितात, बोलायचं काम माझं. झोप न येणाऱ्यांसाठी बोलण्याची एक थेरपी असते, ती आम्ही ऑनलाइन देतो. अर्ध्या तासाच्या बोलण्यासाठी जळकोटच्या माणसानं एसटीत दिवस घालवू नये, एवढाच हेतू. थेरपी म्हणजे मी अंगाई गाते, असा लोकांचा समज आहे. अहो, उलट छळ असतो. माणूस साडेचार तास झोपत असेल, तर त्याला पलंगावर पाचच तास जाऊ द्यायचं. उठायची वेळ रोज तीच. दुपारची डुलकी बंद. झोप घट्ट झाली की मग वेळ हळूहळू वाढवायची. हे सगळं एका वहीवर चालतं. काल रात्री किती झोपलो, ते रोज सकाळी लिहायचं, बस.

आणि आमच्या गुरुजींनी ती भरली होती महिनाअखेरपर्यंत.

गुरुजी जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. चार वर्षं झोपेची गोळी घेत होते. गोळीनं झोप यायची, पण सकाळी शाळेत परिपाठ संपला तरी तिचा अंमल उतरायचा नाही. रोज मोटरसायकलनं लोहारा रोडला शाळा, मागं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. काकू वाटेतल्या गावात अंगणवाडी सेविका. श्रावणात गाडी चालवता चालवता गुरुजींचा डोळा लागला, दोघं थोडक्यात वाचले, म्हणून गोळी सोडायला आमच्याकडं आले. गाडी बंद ठेवा, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं. "बंदच आहे," असं त्यांनी वहीत लिहून दिलं. लाल शाईनं अधोरेखित करून.

चूक माझीही होती, लपवत नाही. वहीवरून मी आलेख काढला. झोप दर दोन दिवसांनी दहा मिनिटं वर. जिना चढल्यासारखी. दहा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला शंका यायला नको? कपाळ माझं! मी तो रंगीत छापून आमच्या डॉक्टरसरांना दाखवला. सरांचा थेरपीवर फारसा विश्वास नव्हता, पण आलेखावर लगेच बसला. त्यांनी गोळी दोनदा कमी केली.

"गुरुजी, खरी झोप किती?" मी विचारलं.

"मॅडम, नियोजनाप्रमाणे..."

"नियोजन नको. काल रात्री किती?"

"आता वही वेळेत पूर्ण असावी, असा माझा दंडक आहे. तपासणीला रिकामा रकाना दिसला की शेरा येतो."

"मी शेरा देणार होते का?"

"तुम्ही मागच्या वेळी शाब्बास म्हणालात," गुरुजी पडेल आवाजात म्हणाले. "मग कमी कसं लिहावं?"

तेवढ्यात मोबाइल हलला आणि पडद्यावर काकू आल्या.

"मॅडम, मी सांगते. गाडी रोज चालूच हाय. मी मागं बसून ह्यांला चिमटे काढते. काल चिमटा काढायच्या आत गाडी सोयाबीनमध्ये! पडलो न्हाय, आईची कृपा."

"आईची काय कृपा," मागून गुरुजी पुटपुटले. "तुळजापूरला आईला वर्षातून तीनदा पलंगावर निजवतात. आत्ताही झोपलीय. मला एक रात्र मिळंना."

मला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. माझ्या रंगीत आलेखावर दोन जीव रोज मोटरसायकलवरून फिरत होते.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"बघा, मी म्हणत होतो," सर खुशीत म्हणाले. "बोलून झोप आली असती तर आमची भाषणं ऐकून देश बरा झाला असता. गोळी पुन्हा पूर्ववत करू."

"सर, पूर्ण गोळीवरच त्यांचा पहिल्यांदा डोळा लागला होता."

"मग थेरपीनं काय दिवे लावले?"

"थेरपी अजून सुरूच झाली नाही. आपण दोघांनी एका वहीवर उपचार केले."

सरांनी फाइलमधला माझा रंगीत आलेख काढून उलटा ठेवला. मग ठरलं ते असं: गोळी आहे तेवढीच, वर नाही, खाली नाही. गाडीची किल्ली काकूंच्या पर्समध्ये, दोघं एसटीनं. आणि वही काकू लिहिणार.

पुढच्या मंगळवारी काकूंनी वही दाखवली. अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिणारी बाई, तिनं नवऱ्याची झोपही तशीच मापली होती. एक दहाला डोळा लागला. तीन वीसला उठले. चारला पुन्हा घोरायला लागले. खरं काम त्या दिवशी सुरू झालं. सहाव्या आठवड्यात गुरुजी साडेपाच तास झोपायला लागले. मग सरांनी गोळी पुन्हा कमी करायला घेतली, ह्या खेपेला मला दोनदा विचारून.

मी खुशीत होते. "काकू, वही म्हणजे नंबर एक! एकही वेळ चुकली नाही."

"चुकंल कशी? मी जागीच असते की."

"रोज?" मी विचारलं.

"व्हय. ह्यांची झोप गेली तवापासून. सकाळी गाडीवर ह्यांला संभाळायचं, त्याचा घोर. आता गाडी बंद, पण सवय जाईना."

"चार वर्षं? अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या वहीत माझा रकाना कुठं हाय, मॅडम?"

मला खूप लाज वाटली. ही बाई दर मंगळवारी माझ्या पडद्यावर येत होती आणि मी तिला नवऱ्याची झोप विचारून फोन ठेवत होते. त्याच दिवशी मी काकूंचा केसपेपर काढला. पहिल्या आठवड्याची वही मी लिहितो, असं गुरुजी हट्टानं म्हणाले. मी देवाचं नाव घेऊन हो म्हटलं.

आठवड्यानं त्यांनी वही कॅमेऱ्यापुढं धरली. सातही रकाने रिकामे. शेजारी सुवाच्य अक्षरात, रोज एकच शेरा: मला झोप लागली होती, माहिती नाही.

तीस वर्षांच्या नोकरीतली त्यांची ही बहुधा पहिली खरी नोंद. मी शाब्बास म्हणाले आणि वही काकूंच्या हातात द्यायला लावली. आता त्या स्वतः लिहितात. खाडाखोड असते, दोन दिवस राहून जातात, झोप कधी चार तास, कधी तीन. मला ती वही फार आवडते.

बाकीच्या पेशंटांची वही सुबक भरलेली दिसली की मी आधी पुढचं पान उलटायला सांगते. आणि घरात आणखी कोण जागं असतं, तेही विचारते.