सूजी, अज्जा
दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मल्लेश्वरममधला नव्वदच्या दशकातला तो दवाखाना आठवतो. आदल्या थंडीत फ्लूने वडील मरता मरता वाचले होते, म्हणून डॉक्टरांनी दरवर्षी लस घ्यायला बजावलं होतं. पुण्याहून नुकतेच आलेले वडील बाही वर करून फौजी थाटात बसले. नर्स सिरिंज घेऊन म्हणाली, "सूजी, अज्जा." ते ताडकन उठले आणि मला म्हणाले, "सूज येणार असं ही बाई आधीच सांगतेय! चल घरी." शेजारी बसलेल्या, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या अक्का हसल्या, "अहो, अज्जा म्हणजे आजोबा, आणि कन्नडात सुईला सूजी म्हणतात." "मग सरळ सुई म्हणावं की!" असं नर्सलाच सुनावून त्यांनी दंड पुढे केला. परवा मीही लस घेतली. संध्याकाळपर्यंत दंड सुजला. वडिलांनी ऐकलं ते अगदीच चुकीचं नव्हतं.