मामाचं रिव्हॉल्व्हर आणि हिरवी बनात

त्या नदीवर धुकं यायचं ते चालत यायचं. आधी पलीकडच्या काठावरची झाडं गिळायचं, मग पाण्याचा मधला पट्टा, मग धक्क्याच्या पायऱ्या खालून वर एकेक करत, आणि शेवटी नावाड्याच्या खोलीचं दार. दार दिसेनासं झालं की मामा उठायचा. खुंटीवरचं रिव्हॉल्व्हर काढायचा, धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि आभाळाकडे नळी करून बार काढायचा. जरा थांबून आणखी एक. पाण्यावर वाट हरवलेल्या होड्या त्या आवाजाचं बोट धरून घरी यायच्या. त्या बारात गोळी नसायची, नुसती दारू आणि तिच्यावर दाबलेला कापडाचा बोळा. धक्क्यावरच्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

मुंगीला हे आठवायचं, पण पहाटेचं स्वप्न आठवावं तसं. आवाज आठवायचा, मामाचा त्या वेळचा चेहरा नाही. दारूचा जळका वास आठवायचा आणि त्या वासासोबत उगाच हिरवा रंग डोळ्यांपुढे यायचा. हिरवा का, ते तिला कधी कळलं नाही.

मुंगी हे नाव मामानेच ठेवलेलं. लहानपणी ती दिसेल ती वस्तू उचलून घरात आणायची, स्वतःपेक्षा मोठी असली तरी ओढत आणायची. आता तिच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या, तरी गल्लीतली शेंबडी पोरंही तिला मुंगीमावशी म्हणत. वेताच्या खुर्च्या विणणं हा तिचा धंदा. घरापुढच्या ओसरीत बसून ती भिजवलेला वेत भोकांतून ओढायची, ताणायची, खुंटी ठोकायची. तिने विणलेल्या खुर्चीवर बसणारा माणूस म्हातारा व्हायचा, खुर्ची व्हायची नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. तिला ते ऐकायला आवडायचं आणि आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं.

मामा गेला आणि आईने तिच्या हातात एक पत्र्याचा डबा ठेवला. आत मेणकापडात गुंडाळलेलं ते रिव्हॉल्व्हर. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, नळीवर गंजाची पिंगट साय.

"तुला द्यायला सांगितलं होतं त्याने," आई म्हणाली.

"मला? मला कशाला?"

"मला काय विचारतेस? मी फक्त डबा दिला." आणि आई पुन्हा शिवायला बसली. म्हातारीला ऐकू कमी यायचं, पण कुठलं ऐकायचं नाही ते ती नेमकं ठरवायची.

मुंगीने तो डबा मांडीवरून खाली ठेवला, जणू आत विंचू होता. कारण या रिव्हॉल्व्हरची आणखी एक गोष्ट होती, आणि ती साऱ्या वस्तीला तोंडपाठ होती.

मुंगी पाचएक वर्षांची असताना तिचे बाबा एका धुक्याच्या सकाळी होडी घेऊन गेले ते परतले नाहीत. त्या सकाळी मामा धक्क्यावरून बार काढत होता. धुकं विरलं, ऊन पडलं, आणि लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. बाबा पलीकडच्या काठावर उतरलेले, चढावरून पाठमोरे चाललेले. आणि अलीकडे मामा, रिव्हॉल्व्हर हातात, बारामागून बार काढतोय. धुकं नसताना. लख्ख उन्हात. लोकांना दुसरं काय वाटणार? त्या दिवशी मामाने खऱ्या गोळ्या भरल्या आणि मेव्हण्याला हाकलून लावलं.

पाण्याच्या नळावर मोठ्या मुलींनी हे मुंगीला सांगितलं, तेव्हा ती तडक मामाकडे गेली होती. मामा वल्ह्याच्या फुटक्या पात्याला पट्टी ठोकत होता.

"मामा, तू माझ्या बाबांना हाकललंस?"

मामाचा हातोडा वरच्या वर थांबला. मग तो पुन्हा ठोकू लागला. "हो," तो म्हणाला. "हाकललं."

बस, एवढंच. त्या दिवसापासून मुंगी मामाच्या होडीत बसली नाही. पलीकडे जायचं झालं की वरच्या पुलापर्यंत पायपीट करायची. मामाने वाढवलं, शिकवलं, वेत विणायला कारागिराकडे घातलं, तापात उशाशी बसला. तिने सगळं घेतलं आणि बदल्यात नीट बोलली नाही. दर वर्षी धक्क्यावरची त्याची खुर्ची मात्र विणून द्यायची. तीही न बोलता. खुर्ची ठेवायची आणि वळायची. मामा पाठीमागून म्हणायचा, "मुंगे, बसून तरी बघ, कुठे सैल राहिली असली तर." ती म्हणायची, "माझं काम सैल नसतं."

आता डबा उघडा पडला होता आणि विचारायला मामा नव्हता.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने डबा उघडला आणि डोकं मागे घेतलं. "बाई, हे जिवंत आहे. असं घरात ठेवता येणार नाही. एक तर आमच्याकडे द्या, वितळून जाईल. नाहीतर त्या बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो कायमचं मुकं करून देईल. मग लावा भिंतीवर, नाहीतर त्याने पापड लाटा."

मुंगीने तिथेच मनाशी ठरवलं. या नळीतून एक जरी खरी गोळी गेली असली, तरी हे भट्टीत जाईल. आणि त्याच्यासोबत मामाही. खुर्ची फोडून चुलीत घालायची, नाव काढायचं नाही. आणि गेली नसली तर? त्या तर-पुढे तिला काहीच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं.

दुरुस्तीवाला म्हातारा होता, बंदुकांशी डॉक्टरासारखा बोलायचा. दुकान एवढंसं, भिंतीवर कानशी आणि ब्रश, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा. धक्क्यावरच्या मामाचं, असं सांगून मुंगीने दिलेलं रिव्हॉल्व्हर त्याने हातात घेतलं, चक्र बाजूला काढलं, सगळी घरं रिकामी आहेत हे आधी स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं.

"रिकामं आहे असं आपण म्हणतो ना ताई, त्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. बघायचं. प्रत्येक वेळी. बरं, घोडा कोणता आणि चाप कोणता, माहीत आहे?"

"मला वेत माहीत आहे, काका."

"मग सोपं आहे. चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो. घोडा म्हणजे मागून येऊन आपटतो तो. हे चक्र फिरतं, एकेक काडतूस घोड्यापुढे आणून ठेवतं. नावाड्यांची खोड बघ. घोड्यासमोरचं घर घासून चकचकीत, बाकीची काळवंडलेली. म्हणजे तुझा मामा घोड्यापुढचं घर कायम रिकामं ठेवायचा. पाय घसरून पडला तरी आपोआप उडू नये म्हणून. भित्रा होता का?"

"नाही," मुंगी म्हणाली, आणि आपण मामाची बाजू घेतली याचं तिलाच नवल वाटलं.

"मग शहाणा होता."

"काका, मला एकच सांगा. यातून खरी गोळी कधी गेली का?"

म्हाताऱ्याने दिवा जवळ ओढला, नळी डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं. दुकानात घड्याळाची टिकटिक आणि बाहेर कुणीतरी पायरी झाडत असल्याचा आवाज, एवढंच. मुंगीला वाटलं, आपण पुन्हा तेवढ्याच लहान आहोत आणि मामाचा हातोडा वर थांबलेला आहे.

"ये, तूच बघ," तो म्हणाला.

तिने नळीला डोळा लावला. आतून गोल गोल फिरत गेलेले चर, आणि अर्ध्यावर आडवी एक काळी काडी. भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"पोलादाची खीळ आहे. फार जुनी. बाहेरून तोंड घासून सपाट केलं, वर गंज चढला, म्हणून दिसत नाही. धक्क्यांवरच्या रिव्हॉल्व्हरांना अशी ठोकायचे. आवाज बाहेर जावा, गोळी जाऊ नये म्हणून. यात खरी गोळी भरली असती ना, तर ती खिळीवर आदळून नळी फुटली असती आणि भरणाऱ्याचा हात गेला असता. त्याचा हात शाबूत होता?"

"दोन्ही. शेवटपर्यंत वल्हं मारायचा."

"मग झालं तर. यातून कुणावर गोळी झाडली असं कुणी म्हणत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव. मी त्याला चहा पाजेन आणि मूर्ख म्हणेन." त्याने बारीक आकडी आत घातली. "थांब. घशात काहीतरी अडकलंय."

खिळीमागून एक कोळशासारखा गोळा निघाला. त्याने तो वाटीतल्या पातळ तेलात सोडला. मुंगी वाकून बघत राहिली. गोळा हळूहळू उमलला, काळं सुटून तळाशी गेलं आणि एका कडेला रंग दिसू लागला. हिरवा.

बनात. जाड, लोकरी, हिरवी बनात.

आई आयुष्यभर वाद्यांच्या पेट्यांना आतून बनात लावायची. घरात तिच्या चिंध्यांचा ढीग असायचा आणि त्या चिंध्यांना नेहमी गोल भोकं असायची, नाण्याहून लहान, कडा अगदी स्वच्छ. लहानग्या मुंगीला वाटायचं, बनात अशीच येते, भोकं घेऊन. ती एक चिंधी डोळ्याला लावून खिडकीत बसायची. भोकातून धुकं बघायची. पांढऱ्या जगाला हिरवा काठ. मग बार ऐकू यायचा, वास यायचा, आणि कुठूनतरी एखाद्या होडीचं नाक त्या गोल भोकात शिरायचं.

म्हणजे ते बोळे आई कापायची.

मुंगी घरी आली तेव्हा आई दाराशी उजेडात बसून एका पेटीचा कोपरा शिवत होती. मुंगीने वाटीतला तो चिंधीचा तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. आईने तो उचलला, बोटांनी चाचपला, नाकाला लावला.

"माझ्या हातचा आहे," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं. नळीत खीळ होती, गोळी जाणारच नव्हती, सगळं माहीत होतं तुला."

"माहीत नसायला काय झालं? बोळे कापून कापून बोटाला घट्टे पडले."

"मग मला का नाही सांगितलंस? मी जन्मभर त्या माणसाशी..."

आईने सुई बनातीत टोचून ठेवली. "ओरडू नको, आज मला नीट ऐकू येतंय. तुझे बाबा त्या दिवशी वाट चुकले नव्हते, मुंगे. त्यांनी होडी पलीकडे नीट बांधली, वल्ही पुसून आत ठेवली आणि चालू लागले. आधीही दोनदा बोलले होते, हे घर मला पुरत नाही म्हणून. मामाला वाटत होतं ते धुक्यात आहेत. बार काढत राहिला. मग धुकं गेलं आणि त्याला पाठ दिसली."

"तरी तो बार काढत होता. लोकांनी पाहिलं."

"हो. बोलावत होता. त्याला बोलवायचं दुसरं काय येत होतं? नदी एवढी रुंद, हाक पोचायची नाही. त्याच्याजवळ तेवढा एकच आवाज होता. काडतुसं संपली तरी चाप ओढत उभा होता. मीच गेले आणि हात धरून आणला."

ओसरीत भिजत घातलेल्या वेताचा वास येत होता. मुंगीला पुढचा प्रश्न विचारायचा होता, पण तो तिच्या आधी आईनेच उचलला.

"लोक बोलू लागले तेव्हा मी भांडायला निघाले होते. त्यानेच अडवलं. म्हणाला, राहू दे. पोरीला काय सांगणार आहेस? बाबा सोडून गेले म्हणून? त्यापेक्षा मामाने हाकललं हे बरं. माझ्यावर रागावेल, रागावू दे. रागावलेलं पोर जेवतं. आपण नकोसे होतो असं वाटलेलं पोर जेवत नाही."

"आणि तू ऐकलंस."

"तू जेवत होतीस," आई म्हणाली, आणि सुई पुन्हा उचलली. पण दोरा तिला दिसत नव्हता, सुई तशीच बोटांत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुंगी दुरुस्तीवाल्याकडे गेली. "मुकं करा," म्हणाली. "वितळवायचं नाही." त्याने घोड्याची चोच कापली आणि चक्राची घरं पोलादाने भरून टाकली. काम झाल्यावर कागदात गुंडाळताना त्याने विचारलं, "आता आवाज नाही येणार हं याला. चालेल?"

"याने पुष्कळ आवाज केला," मुंगी म्हणाली. "नीट ऐकला नाही कुणी."

परतताना ती धक्क्यावर उतरली. होडीचा धंदा कधीच बंद पडला होता, पायऱ्यांवर शेवाळ होतं. मामाच्या खोलीपुढे खुर्ची तशीच, पलीकडच्या काठाकडे तोंड करून. धुकं चालत येत होतं. झाडं गेली, मधलं पाणी गेलं, पायऱ्या जाऊ लागल्या.

मुंगी खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच. वेत मधोमध खोल गेला होता, एका माणसाच्या वजनाने रोज थोडा थोडा, आणि त्या खोलगटात ती बरोबर मावली. डावीकडे खरंच एक पट्टी सैल होती. किती दिवस तो त्या सैल पट्टीवर बसत होता कोण जाणे.

आईकडून आणलेली एक चिंधी तिने खिशातून काढली आणि भोक डोळ्याला लावलं. पलीकडे नुसतं पांढरं. जन्मभर ती तिकडेच बघत आली होती. मग ती उठली, खुर्ची उचलून वळवली, धक्क्याच्या टोकाकडे तोंड करून ठेवली, जिथे मामा उभा राहायचा तिथे. पुन्हा बसली, पुन्हा भोक डोळ्याला लावलं. हिरव्या काठाच्या त्या गोलात दगडाची कड होती, ओली, पायांनी गुळगुळीत झालेली.

"मामा," ती म्हणाली, "डावीकडची पट्टी सैल राहिली होती. उद्या येते, घट्ट करते."

धुकं दारापर्यंत आलं होतं. मांडीवर रिव्हॉल्व्हर जड आणि गार होतं, आणि तिला वाटलं, आपल्याला वाट सापडली आहे.