दर्याकडं पाठ

शाळेच्या सभागृहात समुद्रावरच्या वसाहतीची प्रतिकृती मांडली होती. निळ्या काचेवर तरंगणाऱ्या गोल इमारती, आणि प्रत्येक घराला चहूबाजूंनी खिडक्या. माझे घरमालक नाथाकाका हात मागे बांधून टेबलाभोवती दोनदा फिरले. त्यांचं सगळं आयुष्य मासेमारीच्या होडीवर गेलेलं.

“लाटा कधी थांबत नाहीत,” माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, “म्हणून लाटांपासून तयार होणारी इथली वीजही कधी जाणार नाही.”

“थांबत नाहीत, खरं आहे,” काका म्हणाले. “मग बाय, दर्याकडं पाठ करून बसायचं कुठं?”

तिनं हसून एका घराच्या चहूबाजूंच्या खिडक्या दाखवल्या.

परतताना मी आमची वस्ती नीट पाहिली. सगळी दारं गल्लीत उघडणारी, समुद्राच्या बाजूला कोऱ्या भिंती. ते खाऱ्या वाऱ्यामुळे असेल, असं मी इतके दिवस समजत होतो. उद्या माणसं समुद्रावर राहतीलही. वीज, पाणी, बाजार, सगळं जमेल. पण ज्याच्या जिवावर जगायचं, त्याच्याकडे घटकाभर पाठ फिरवायला लागणारी जागा नकाशात कोण दाखवणार?

काकांच्या घराला समुद्राकडे एकच खिडकी आहे. ती माझ्या खोलीत, भाडेकरूंना आवडते म्हणून पाडून घेतलेली. संध्याकाळी काका चहाला आले आणि नेहमीसारखे तिच्याकडे पाठ करून बसले. मी उठून खिडकी लावून घेतली.

लाटा ऐकू येतच होत्या.